ठसा कोरणारा हात

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा हाती लागला. नाणी सुमारे १३,२५०, आणि मूळची सगळी क्षत्रप नहपानाची. एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. पण यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. एका बाजूला कमानींचा चैत्य, दुसऱ्या बाजूला उज्जैनी चिन्ह, म्हणजे चारही टोकांना वर्तुळं असलेली फुली. कित्येक नाण्यांवर हा चैत्य थेट नहपानाच्या गालावर, डोळ्यावर उमटला आहे. खालचा चेहरा पुरता पुसलेला नाही. नाकाची रेषा दिसते, केसांची कड दिसते, आणि त्यावर विजेत्याची खूण.

गौतमीपुत्राला ही चांदी वितळवता आली असती. नव्या चकत्या पाडून त्यांवर स्वच्छ ठसा मारता आला असता. फेरठसा मारणं सोपं आणि स्वस्त होतं हे खरंच, पण माझ्या मते एवढंच कारण पुरत नाही. नाशिकच्या लेण्यात त्याची आई बलश्री हिच्या लेखात त्याला ‘खखरात वंस निरवसेस करस’, म्हणजे क्षहरातांचा, नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष करणारा, असं म्हटलं आहे. तो लेख डोंगर चढून जाणाऱ्यासाठी आणि वाचता येणाऱ्यासाठी. ज्याला अक्षरओळख नव्हती, जो कधी लेण्यात गेला नाही, त्याच्या तळहातावर तीच बातमी या नाण्यानं ठेवली. पराभूत राजाचा चेहरा खाली आणि वर चैत्य. याहून स्पष्ट राजकीय विधान मला माहीत नाही.

म्हणूनच नाण्यावरच्या चित्राला कुणी ‘नक्षी’ म्हटलं की मला ते खटकतं. ते चित्र म्हणजे नाण्याचं बोलणं असतं. ते बोलणं कोरणारा एक हात असे, आणि आजची राज्यं नाणी पाडताना त्या हाताकडे पाठ फिरवून बसली आहेत. बहुतेक चलनी नाण्यांवर आज मोठा आकडा, देशाचं नाव, साल आणि कुठल्याशा कागदी चित्रावरून उतरवलेली सपाट आकृती असते. ही यंत्रयुगाची अपरिहार्य किंमत आहे असं मानून आपण गप्प बसतो. मला ते मान्य नाही. ही चूक आहे, आणि दुरुस्त होण्यासारखी चूक आहे.

आधी तो हात काय करत होता ते पाहू. ठसा म्हणजे लोखंडाचा किंवा काशाचा ठोकळा. त्यात चित्र कोरायचं ते खोल आणि उलटं. नाण्यावर जे नाक वर येणार, त्याचा ठशात खड्डा करायचा. जे अक्षर डावीकडून वाचलं जाणार, ते उजवीकडून खोदायचं. जागा किती, तर अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी. एक ठसा ऐरणीत बसवलेला, दुसरा हातात धरलेला, मध्ये तापवलेली चकती आणि वरून घणाचा घाव. वरचा ठसा लवकर झिजायचा, फुटायचा. मग तो नव्यानं कोरायचा, आणि नवा ठसा जुन्यासारखा हुबेहूब कधीच होत नसे. एखादी बट वेगळी वळते, एखादं अक्षर कडेला सरकतं. ठशाला पडलेली चीर नाण्यागणिक वाढत जाते, आणि त्या वाढत्या चिरेवरून नाणकशास्त्राचे अभ्यासक कुठलं नाणं आधी पडलं आणि कुठलं नंतर हे सांगतात. एकच दर्शनी ठसा दोन वेगवेगळ्या पाठीच्या ठशांबरोबर वापरलेला दिसला की साखळी जुळत जाते आणि टांकसाळीचा सगळा क्रम उभा राहतो. एका कारागिराच्या हाताची लकब दोन हजार वर्षांनंतर ओळखता येते, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

सिसिलीतल्या सिराक्यूज नगराच्या टांकसाळीतल्या काही कारागिरांनी तर आपली नावंच कोरून ठेवली. इसवीसनपूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीला तिथं किमोन आणि युएनेटोस हे दोघे ठसे कोरत होते. त्यांची दहा द्राख्मांची चांदीची नाणी ४३ ग्रॅमच्या आसपास वजनाची, हाताला जड लागणारी. त्यांवर अरेथुसा या झऱ्याच्या देवतेचं मुख आणि भोवती पोहणारे डॉल्फिन. झरा गोड्या पाण्याचा, तो एका बेटावर, आणि बेटाभोवती समुद्र. मधला चेहरा आणि कडेचे मासे एवढ्यात नगराचा नकाशा सांगून झाला. किमोननं पुढं एका चार द्राख्मांच्या नाण्यावर अरेथुसाचं तोंड बाजूनं न दाखवता सरळ समोरून दाखवलं. नाण्यावर हे करणं धाडसाचं, कारण समोरून कोरलेल्या चेहऱ्याचं नाक सगळ्यात उंच येतं आणि वापरात सगळ्यात आधी तेच झिजतं. तरी त्यानं ते केलं. तिचे केस लाटांसारखे पसरलेत आणि त्या लाटांतून डॉल्फिन उसळतात. थेसलीतल्या लारिसा नगरानं या चेहऱ्याची नक्कल आपल्या नाण्यांवर उतरवली. आपली सही किमोननं केसांच्या पट्टीवर, डॉल्फिनच्या अंगावर अशी इवल्या जागी कोरली. राज्याच्या नाण्यावर कारागिराचं नाव येऊ देणारं ते नगर मला फार मोठ्या मनाचं वाटतं.

याच्या उलट अथेन्स. अथेन्सच्या घुबडाच्या नाण्यावर पुढं अथीना देवी, मागं घुबड, ऑलिव्हची डहाळी, चंद्रकोर आणि नगराच्या नावाची तीन अक्षरं. शिल्पकार संगमरवरात जिवंत देह घडवायला लागले, तरी नाण्यावरच्या अथीनेचा डोळा बाजूच्या चेहऱ्यात समोरून पाहिल्यासारखाच राहिला, ओठांवर तेच जुन्या धाटणीचं स्मित राहिलं. कारागिरांना जमत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. हे नाणं दूरदूरच्या बंदरांत चालत होतं आणि चेहरा बदलला असता तर व्यापाऱ्याला शंका आली असती. म्हणजे सिराक्यूजनं नवेपणातून जे कमावलं ते अथेन्सनं जुनं सांभाळून कमावलं. पण दोघांनीही विचार केला होता. नाण्यावर काय असावं आणि का असावं, याचा निर्णय कुणीतरी जबाबदारीनं घेतला होता. माझी आजची तक्रार नेमकी इथं आहे.

प्रतीक किती थोडक्या जागेत काम करतं याचं रोमन उदाहरण प्रसिद्ध आहे. इसवीसनपूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरचा चेहरा त्याच्या हयातीतच रोमच्या नाण्यावर आला. त्याआधी रोममध्ये जिवंत माणसाला हा मान नव्हता. त्याच वर्षी त्याची हत्या झाली. दोनेक वर्षांनी, मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसच्या नाण्यावर दोन खंजीर, त्यांच्या मध्ये दास्यमुक्तांची टोपी आणि खाली हत्येची तारीख. बस्स, तीन गोष्टी. तेवढ्यात बाजू मांडून झाली. मात्र पुढच्या बाजूला ब्रूटसनं स्वतःचाच चेहरा घातला आहे, आणि ज्या गोष्टीसाठी सीझर डोळ्यांत खुपला तीच त्यानं केली, हेही नाणं लपवत नाही. नाणं पाडणाऱ्याच्या मनातलंही सांगून जातं ते असं.

आता गुप्तांची नाणी, आणि इथं मला थोडं थांबायचं आहे. सुरुवातीची गुप्त सुवर्णनाणी पाहिली तर राजा कुषाणांसारखा अंगरखा आणि विजार घालून वेदीपाशी उभा आहे. मागं सिंहासनावर बसलेली देवी, हातात धान्यफळांनी भरलेलं शिंग, तीही कुषाणांची अर्दोक्षो. गुप्त कारागिरांनी ही उसनी चौकट घेतली आणि पुढच्या पिढ्यांत आतून बदलत नेली. देवी हळूहळू सिंहासनावरून कमळावर आली, शिंगाच्या जागी हातात कमळ आलं आणि अर्दोक्षोची लक्ष्मी झाली. राजाचा पेहरावही बदलला. एका देवतेचं दुसरीत रूपांतर होताना पाहायचं असेल तर ही नाणी ओळीनं मांडून पाहावीत. मला तरी दुसरीकडे कुठं हे इतकं टप्प्याटप्प्यानं दिसलेलं नाही.

आणि समुद्रगुप्ताचं वीणावादक नाणं. आयुष्यभर लढाया जिंकलेला राजा, ज्याच्या दुसऱ्या नाण्यावर ‘समरशतविततविजयो जितरिपुरजितो दिवं जयति’ असा छंदोबद्ध लेख आहे, तोच इथं उंच पाठीच्या आसनावर मांडी घालून बसला आहे. मांडीवर वीणा. हाताशी एकही शस्त्र नाही. अलाहाबादच्या स्तंभलेखात त्यानं संगीतात तुंबरू-नारदांना लाजवलं असं म्हटलं आहे. ती कवीची स्तुती म्हणून सोडून देता येते, पण नाण्याचं तसं होत नाही. राज्याचं सोनं खर्च करून, राज्याच्या टांकसाळीत, राजाला काय व्हायचं आहे ते त्यात उमटलं आहे. पहिल्यांदा भिंगातून ते नाणं पाहिलं तेव्हा माझं लक्ष सोन्याकडे गेलंच नाही. तारांवर टेकलेल्या हाताकडे गेलं. कारागिरानं तो हात दोन-तीन मिलिमीटरांत कोरला आहे आणि तो वाजवणाऱ्या माणसाचा हात आहे.

कुमारगुप्ताच्या एका नाण्यावर घोड्यावरचा राजा तलवारीनं गेंड्यावर वार करतो आहे. भोवतीच्या लेखात ‘भर्ता खड्गत्राता कुमारगुप्तो जयत्यनिशम्’. संस्कृतात खड्ग म्हणजे तलवार आणि खड्ग म्हणजे गेंडाही. तलवारीनं रक्षण करणारा आणि गेंड्यापासून वाचवणारा, दोन्ही अर्थ एका शब्दात. चित्र कोरणारा आणि लेख रचणारा एकमेकांशी बोलल्याशिवाय असा श्लेष साधत नाही. टांकसाळीत कवी आणि कारागीर शेजारी बसले असतील, या कल्पनेनं मला आनंद होतो. असली नाणी आपल्या हाती कशी आली तेही आठवावं. १९४६ साली भरतपूरजवळ बयाना भागात गुप्तांच्या सुवर्णनाण्यांचा तांब्याच्या भांड्यात ठेवलेला साठा सापडला. काही नाणी वितळवली गेली, तरी अठराशेच्या वर वाचली आणि अनंत सदाशिव अळतेकरांनी त्यांची सूची सिद्ध केली. वितळलेल्या नाण्यांत काय होतं हे आता कळायला मार्ग नाही. जुनं नाणं सोनं किंवा चांदी म्हणून मोजणाऱ्यानं, घासून चकचकीत करणाऱ्यानं, ठसा विकत घेतला आहे आणि पुसून टाकला आहे.

कुणी म्हणेल, चित्राला महत्त्व देता, मग ज्या नाण्यांवर चित्रच नाही त्यांचं काय? त्यांचं उत्तर अधिकच ठाम आहे. इ. स. ६९६-९७ मध्ये खलिफा अब्द अल-मलिकनं सोन्याच्या दिनारावरून आकृती काढून टाकल्या आणि फक्त अक्षरं ठेवली. ज्या काळात रोमी आणि सासानी नाण्यांवर राजांचे चेहरे होते, त्या काळात चेहरा नसणं हेच विधान होतं. त्यातून अक्षरांची जी कला नाण्यावर फुलली ती पुढं शतकानुशतकं टिकली. जहांगीरनं त्याच परंपरेत उभं राहून १६१८ मध्ये महिन्याच्या नावाऐवजी त्या महिन्याच्या राशीचं चित्र नाण्यावर आणलं. मेष, वृषभ, सिंह. नियम मोडणाऱ्यालाही नियमाची जाण होती. त्याच्याही आधी, बाराव्या शतकाच्या शेवटी, मुहम्मद घोरीच्या सोन्याच्या नाण्यांवर बैठी लक्ष्मी आहे आणि त्याचं नाव नागरीत आहे. जिंकणाऱ्यानं जिंकलेल्यांची ओळखीची खूण तशीच चालू ठेवली, कारण बाजाराला ती हवी होती.

शिवराई मात्र या सगळ्यांहून वेगळी. कारागिरीच्या तराजूत तांब्याची शिवराई गुप्त नाण्यासमोर ठेवता येणार नाही, हे मी प्रेमाखातर नाकारणार नाही. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. अक्षरं जाड, चकती वेडीवाकडी. ठसा चकतीहून मोठा असल्यानं पुष्कळ नाण्यांवर अर्धी अक्षरं बाहेरच राहिलेली. पण आसपासच्या दरबारांच्या नाण्यांवर फारसी असताना ही अक्षरं नागरीत आहेत. तिथं वळणाचा सुबकपणा शोधू नये. लिपीची निवड हीच त्या नाण्यातली कला. सातवाहनांनीही असंच काही केलं होतं. त्यांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाच्या नावाआधी आईचं नाव येतं, ‘वासिठीपुतस सिरि पुळुमाविस’. क्षत्रपांची चेहऱ्याची रीत घेतली, शब्द आपले ठेवले. म्हणजे नाणं सुंदर असायला ते गुळगुळीत असावं लागत नाही. त्यामागं कुणाचातरी ठाम निर्णय असावा लागतो.

आणि नेमका तोच आज नसतो. आजची नाणी अनेकांच्या संमतीतून येतात. कुणालाही न दुखवणारी आकृती, कुठल्याही खात्याची हरकत येणार नाही असा मजकूर, यंत्राला सोपा पडेल असा सपाट उठाव. १७८८ मध्ये मॅथ्यू बोल्टननं बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत वाफेवर नाणी पाडायला सुरुवात केली, तेव्हापासून नाणं गोल, सारखं आणि मुबलक झालं. हे चांगलंच झालं. खोटी नाणी पाडणं अवघड झालं, गरिबाची फसवणूक कमी झाली. पुढं मोठ्या आकाराच्या नमुन्यावरून लहान ठसा आपोआप कोरणारं यंत्र आलं, आणि थेट नाण्याच्या मापात विचार करणारा हात टांकसाळीतून निघून गेला. फूटभर व्यासाच्या नमुन्यावर जे छान दिसतं ते बोटाच्या पेराएवढ्या नाण्यावर गिचमिड होतं. जुन्या कारागिराला ही अडचण नव्हती, कारण तो पहिल्यापासून त्या इवल्या जागेतच राहत होता.

यंत्रालाच दोष द्यावा, तर १९०७ ची अमेरिकेतली हकिगत दोन्ही बाजूंनी बोलते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना प्राचीन ग्रीक नाण्यांनी भारून टाकलं होतं. त्यांनी ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराकडून वीस डॉलरचं सोन्याचं नाणं करवून घेतलं. मशाल घेऊन समोरून चालत येणारी स्वातंत्र्यदेवता, ग्रीक नाण्यांसारखा उंच उठाव. टांकसाळीचे मुख्य खोदकार चार्ल्स बार्बर यांचा विरोध होता, आणि त्यांची अडचण खरी होती. एवढ्या उठावासाठी एकाच नाण्यावर अनेकदा दाब द्यावा लागे, आणि असं नाणं रोजच्या चलनाच्या वेगानं पाडता येत नव्हतं. शेवटी उठाव कमी केला गेला. सेंट-गॉडन्स त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. पण उठाव कमी झालेलं ते नाणंही १९३३ पर्यंत पाडलं जात राहिलं आणि यंत्रावर पाडलेल्या नाण्यांत आजही ते फार वरच्या जागी आहे. म्हणजे यंत्रानं कलाकाराला थोडं वाकवलं, हद्दपार केलं नाही.

आयर्लंडनं तर हे अधिक शहाणपणानं केलं. स्वतंत्र झाल्यावर नवी नाणी हवी होती. १९२६ मध्ये समिती नेमली, अध्यक्ष होते कवी डब्ल्यू. बी. येट्स. समितीनं मोजक्या कलाकारांकडून नमुने मागवले, त्यांच्यासमोर नमुना म्हणून प्राचीन ग्रीक नाणी ठेवली, आणि विषय ठरवून दिले: घोडा, सामन मासा, बैल, शिकारी कुत्रा, ससा, पिल्लांसह कोंबडी, पिल्लांसह डुकरीण आणि एक रानपक्षी. दुसऱ्या बाजूला सगळीकडे वीणेसारखं हार्प. काम मिळालं पर्सी मेटकाफ या इंग्रज शिल्पकाराला. ज्या देशापासून नुकतीच मोठ्या संघर्षानं सुटका करून घेतली त्या देशाच्या माणसाला, कारण त्याचं काम सगळ्यात चांगलं होतं. १९२८ मध्ये नाणी आली. धार्मिक चिन्हं नाहीत म्हणून काहींनी ओरड केली. ती ओरड विरली, नाणी राहिली. शेतकऱ्यांच्या त्या देशानं राजा किंवा सेनापती न निवडता कोंबडी आणि पिल्लं निवडली, आणि सगळ्यात हलक्या नाण्यांवरही तीच मेहनत घेतली. सातवाहनांच्या चैत्याइतकंच मला ते बोलकं वाटतं.

यावर एक आक्षेप येतो तो गंभीर आहे. रोख पैसा आटत चालला आहे, बोटानं पडद्यावर व्यवहार होतात, मग मरत्या वस्तूवर कलाकार कशाला बसवायचा? मला वाटतं, आटत चालला आहे म्हणूनच. नाणी कमी लागणार असतील तर घाईचं, अफाट संख्येचं ओझं उतरेल. जी थोडी पाडली जातील ती नीट पाडण्याची सवड मिळेल. शिवाय पडद्यावरच्या आकड्याला चेहरा नसतो. राज्य आपल्या माणसांना स्वतःबद्दल काय सांगतं, हे ज्या वस्तूला स्पर्श करून कळतं अशा वस्तू आता फार थोड्या उरल्या आहेत. दुसरा आक्षेप असा की प्रतीकांवरून भांडणं होतात. होतील. पण भांडणाच्या भीतीनं निवडलेली आकृतीही प्रतीकच असते. ती आपली भीती सांगते.

मागणी फार मोठी नाही. नाण्याचं काम खुल्या स्पर्धेनं शिल्पकारांना आणि खोदकारांना द्यावं. ब्रिटननं २००८ मध्ये ते करून दाखवलं. चार हजारांवर आलेल्या नमुन्यांतून नाण्यांचा कसलाही अनुभव नसलेल्या मॅथ्यू डेंट या तरुणाचं काम निवडलं गेलं, आणि एकाच ढालीचे तुकडे सहा नाण्यांवर विखुरले. जवळ ठेवली की ढाल जुळते. सगळी मालिका एका हातची असावी. निवड करणारी समिती लहान असावी, तिनं नमुना कागदावर नव्हे तर नाण्याच्या खऱ्या मापात, धातूत, तळहातावर घेऊन पाहावा. थोडं झिजल्यावर काय उरतं हेही तपासावं. अंधानं बोट फिरवून ओळखावं इतका उठाव असावा. आणि कोरणाऱ्याचं नाव नाण्यावर यावं.

ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल. १९०९ मध्ये अमेरिकेच्या एका सेंटच्या लिंकन नाण्यावर व्हिक्टर ब्रेनर या शिल्पकारानं आपली तीन आद्याक्षरं घातली. फार ठळक आहेत अशी तक्रार झाली आणि काही दिवसांतच ती काढून टाकली गेली. १९१८ मध्ये ती परत आली, लिंकनच्या खांद्याच्या कडेला, भिंगाशिवाय सापडणार नाहीत एवढी बारीक. किमोननं आपलं नाव डॉल्फिनच्या अंगावर कोरलं होतं ते जवळपास याच मापाचं. समुद्रगुप्ताची वीणा ज्यानं कोरली, त्याचं नाव मात्र नाण्यावर कुठंच नाही. मी शोधून पाहिलं आहे, आसनाच्या पायांपाशीसुद्धा.